नुकत्याच वाचलेल्या कादंबरीविषयी मत कसे मांडावे : वाचनकट्ट्यावर नव्याने येणाऱ्यांसाठी

वाचनकट्ट्यावर पहिल्यांदा येणारा वाचक बहुतेक वेळा दाराजवळच्या खुर्चीवर बसतो, आपली पाळी आली की 'छान आहे, सगळ्यांनी जरूर वाचावी' एवढे म्हणतो आणि पुढच्याकडे पाहू लागतो. त्याने तीनशे पाने वाचलेली असतात, त्यातली काही रात्री जागून वाचलेली असतात, एखाद्या पानावर त्याचे डोळेही भरून आलेले असतात. परंतु हे चार माणसांत सांगायचे कसे, हे त्याला कोणी दाखवलेले नसते. शाळेत रसग्रहण शिकवले जाते खरे, पण ते गुणांसाठी लिहायचे असते आणि परीक्षेनंतर विसरायचे असते.

आमच्या गावच्या वाचनालयात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी पंधरा-वीस वाचक जमतात आणि ज्याने-त्याने नुकतीच संपवलेली कादंबरी इतरांपुढे मांडायची असते. या बैठकीची व्यवस्था मी अनेक वर्षे पाहते आहे आणि नव्याने येणाऱ्यांना जे तोंडी सांगत आले, तेच येथे क्रमाने लिहीत आहे. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती ही की मत सांगण्यापूर्वी जागा सांगावी. कादंबरी कुठल्या पानावर, कुठल्या प्रसंगात, कुठल्या वाक्यापाशी आपल्याला भिडली किंवा आपल्या हातून निसटली, हे ज्याला दाखवता येते त्याचे मत ऐकणाऱ्याला पडताळून पाहता येते. ज्याला ते दाखवता येत नाही, त्याच्याशी धड सहमत होता येत नाही आणि धड वादही घालता येत नाही.

पहिली पायरी : वाचतानाच पट्टी ठेवावी

मत मांडण्याची तयारी कादंबरी संपल्यावर सुरू होते, असे समजू नये. पहिल्या पानापासून पुस्तकात वहीच्या कागदाची दोन बोटे रुंद पट्टी ठेवावी आणि जवळ पेन्सिल असू द्यावी. पुस्तक वाचनालयाचे असेल तर त्याच्या पानांवर एक टिंबसुद्धा काढू नये. आधीच्या वाचकाने शाईने ओढलेली रेघ पुढच्या प्रत्येक वाचकाला त्याच ओळीपाशी थांबायला लावते, आणि मग ती जागा आपण शोधली की आपल्याला शोधून दिली गेली, हे कळेनासे होते.

पट्टीवर लांबलचक टिपण करण्याची गरज नाही. पानाचा आकडा लिहावा आणि त्याच्यापुढे एक खूण करावी. मी स्वतः तीन खुणा वापरते. ज्या ठिकाणी वाचन आपोआप थांबले आणि नजर पुस्तकावरून उठली, तेथे टिंब. ज्या ठिकाणी काहीतरी नीट कळले नाही म्हणून मागची पाने पुन्हा उलटावी लागली, तेथे डावीकडे जाणारा बाण. आणि ज्या ठिकाणी कंटाळा येऊन परिच्छेद वरवर चाळले गेले, तेथे आडवी रेघ. या तिसऱ्या खुणेची लाज वाटून नवे वाचक ती टाळतात, पण तीच पुढे सर्वांत उपयोगी पडते, कारण आपण पाने कुठे चाळली हे प्रामाणिकपणे सांगणारा वाचक कट्ट्यावर फार थोड्या वेळा भेटतो. पानांचे आकडे आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून आकड्याशेजारी प्रसंगाचे दोन शब्दांचे नावही लिहून ठेवावे.

दुसरी पायरी : पुस्तक मिटल्यावर त्याच रात्री चार ओळी, आणि मग तीन दिवस काहीच नाही

शेवटचे पान वाचून झाले की झोपण्यापूर्वी चार ओळी लिहाव्यात. त्यांत निकाल देऊ नये. फक्त त्या क्षणी मनात काय आहे ते लिहावे. राग आला असेल तर कोणाचा, सुटल्यासारखे वाटले असेल तर का, शेवट घाईने उरकला असे वाटले असेल तर तसे. या ओळी दुसऱ्या दिवशी लिहिता येत नाहीत, कारण तोवर आपण कोणाशी तरी बोललेलो असतो, मलपृष्ठ वाचलेले असते, आणि आपल्याला काय वाटले यापेक्षा काय वाटायला हवे होते हे आपल्याला ठाऊक झालेले असते.

त्यानंतर मात्र तीन दिवस कादंबरी बाजूला ठेवावी. चौथ्या दिवशी पुस्तक न उघडता आठवून पाहावे. कुठल्या पात्राचे नाव आठवते, कोणाचे पुसले गेले, कुठला प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे? ज्या प्रसंगावर पट्टीवर टिंब आहे आणि जो चौथ्या दिवशीही आठवतो, तो आपल्या बोलण्याचा कणा होय. पट्टीवर टिंब असूनही जो आठवत नाही, त्याने त्या वेळी हलवले पण आत काही ठेवले नाही. हेसुद्धा सांगण्यासारखेच आहे.

तिसरी पायरी : साल पाहावे

पुस्तकाच्या आरंभीच्या पानांवर पहिल्या आवृत्तीचे वर्ष छापलेले असते. ते पाहून घ्यावे आणि बोलताना शीर्षक व लेखक यांच्याबरोबर सांगावे. आपल्या हातातली प्रत गेल्या वर्षी छापलेली असली तरी कादंबरी साठ वर्षांपूर्वीची असू शकते, आणि मग आपली तक्रार आपोआप बदलते. विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' हे याचे उत्तम उदाहरण आहे. युरोपातून निघालेल्या बोटीवर, ज्यू निर्वासितांच्या संगतीत घडणारी ही कथा वर्ष न पाहता वाचली, तर दुसऱ्या महायुद्धानंतर सगळे ठाऊक असताना मागे वळून लिहिली आहे असे वाटू शकते. ती प्रसिद्ध झाली 1939 मध्ये, म्हणजे ज्या वर्षी युद्धाला तोंड फुटले त्याच वर्षी. हे कळल्यावर त्या बोटीवरील माणसांची अस्वस्थता वेगळी वाचावी लागते, कारण पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि लिहिणाऱ्यालाही नव्हते.

कादंबरीवर चित्रपट निघालेला असेल तर दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नये. जब्बार पटेल यांचा 'सिंहासन' हा 1979 मधील चित्रपट अरुण साधू यांच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' अशा दोन कादंबऱ्यांवर आधारलेला आहे. केवळ चित्रपट पाहिलेला माणूस बोलू लागला, तर तो कोणत्या पुस्तकाविषयी बोलतो आहे हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही.

चौथी पायरी : कथानक किती सांगावे

ऐकणाऱ्यांपैकी अनेकांनी ती कादंबरी वाचलेली नसते आणि आपले बोलणे ऐकून त्यांतील दोघे-तिघे ती घरी नेणार असतात. म्हणून पहिल्या चौथाई भागापर्यंतचे कथानक मोकळेपणाने सांगावे आणि त्यापुढे केवळ दिशा दाखवावी, असा नियम आम्ही पाळतो. शेवट फोडू नये हे सर्वांना माहीत असते. परंतु मधला वळणाचा प्रसंग फोडल्यानेही तेवढेच नुकसान होते, हे मला एका चुकीतून कळले. एका बैठकीत बोलण्याच्या भरात मी एका पात्राचे मध्यावर काय होते ते सांगून टाकले. पुढच्याच रांगेत बसलेल्या एका काकूंनी ती कादंबरी आदल्या दिवशी घरी नेली होती. त्या काहीच बोलल्या नाहीत, पण सोमवारी ग्रंथपालांकडे पुस्तक परत देताना 'आता त्या मुलाजवळ मन जातच नाही' एवढे म्हणाल्या. त्यांनी ती कादंबरी पुढे कधीही वाचली नाही. तेव्हापासून बोलणे सुरू करण्यापूर्वी 'ही कोणाच्या घरी आहे का?' असे मी विचारते, आणि नव्या वाचकांनीही ते विचारावे असे मला मनापासून वाटते.

ऐतिहासिक कादंबरीचा प्रश्न निराळा आहे. रणजित देसाई यांची 'स्वामी' (1962) हाती घेणाऱ्या वाचकाला माधवराव पेशवे 1772 मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी थेऊर येथे वारले, हे आधीपासून ठाऊक असण्याचा संभव असतो. तेथे काय घडले हे लपवण्यात अर्थ नाही. ते घडेपर्यंतचा काळ लेखकाने कसा भरला आहे, एखाद्या साध्या घरगुती प्रसंगावर येणाऱ्या मृत्यूची सावली कशी पडते, हे सांगावे. मात्र अशा कादंबरीविषयी बोलताना एक पथ्य पाळावे. कागदपत्रांत नोंदलेले काय आणि कादंबरीकाराने रचलेले काय, हे आपल्याला नक्की ठाऊक नसेल, तर कादंबरीतील संवाद इतिहास म्हणून सांगू नयेत. 'माधवराव असे म्हणाले' या वाक्यापेक्षा 'कादंबरीतले माधवराव असे म्हणतात' हे वाक्य एकाच शब्दाने लांब आहे, पण बरेच खरे आहे.

पाचवी पायरी : कोण सांगते आहे, हे विचारावे

नव्या वाचकाला मी एकच गोष्ट शिकवू शकले असते, तर ही शिकवली असती. कादंबरीतील प्रत्येक वाक्य कोणीतरी सांगत असते, आणि सांगणारा म्हणजे लेखक असेलच असे नाही. कट्ट्यावरच्या निम्म्याहून अधिक भांडणांचे मूळ 'लेखक म्हणतो' आणि 'पात्र म्हणते' यांतला भेद न पाळण्यात असते.

वि. स. खांडेकर यांची 'ययाति' (1959) घ्यावी. तीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे आपापल्या तोंडाने आपली हकिकत सांगतात. ययातीच्या भागात देवयानी गर्विष्ठ दिसते म्हणून 'खांडेकरांनी देवयानीवर अन्याय केला' असे कोणी म्हणाले, तर त्याला विचारावे की देवयानीच्या स्वतःच्या भागात ती कशी दिसते? आणि शर्मिष्ठेच्या? तीन आवाज शेजारीशेजारी ठेवण्याचा हेतूच हा आहे की वाचकाने कोणा एकाची बाजू पहिल्याच भेटीत घेऊ नये. शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय' (1967) मध्येही कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण बोलतात. या कादंबरीविषयी 'मूळ महाभारतात कर्ण असा नाही' असा आक्षेप आमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी निघतो. आक्षेप अयोग्य नाही, परंतु तो घेणाऱ्याने हेही पाहावे की कर्णाविषयी येथे बोलणाऱ्यांत त्याची पत्नी आहे, भाऊ आहे, आई आहे आणि मित्र आहे. ज्यांचा जीव त्याच्यात गुंतलेला आहे त्यांच्या तोंडून ऐकलेला कर्ण कसा असणार, हा प्रश्न विचारला की चर्चा 'खरे की खोटे' यापाशी अडून राहत नाही.

याच भेदामुळे जुन्या कादंबऱ्याही नव्याने उघडतात. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही 1890 पासून 'करमणूक' पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि ती संपूर्ण यमू नावाच्या मुलीच्या तोंडून येते. लिहिणारा पुरुष, सांगणारी स्त्री, आणि काळ असा की ज्यांच्याविषयी हे लिहिले त्यांच्यापैकी बहुतेकींना ते वाचता येत नव्हते. आमच्या कट्ट्यावर एका तरुण मुलीने ही कादंबरी मांडताना म्हटले होते की, यमू लहान असताना जे सांगते त्यात तिच्या वयाला न कळणाऱ्या गोष्टी मोठ्या यमूने मधूनच भरल्या आहेत, आणि हे दोन आवाज वेगळे ऐकू येतात त्या जागांवर तिने खुणा केल्या होत्या. त्या संध्याकाळी आम्ही दुसरे पुस्तक घेऊच शकलो नाही.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'विषयी (1963) बोलताना तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर जगाविषयी जी मते सांगतो, ती सगळी त्याच्या पंचवीस वर्षांच्या वयाची, त्याच्या उद्ध्वस्त मनाची मते आहेत. ती त्या पात्राच्या अंगावर बसतात की नाहीत, हे आधी पाहावे. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे शब्द तो इतक्या वेळा का वापरतो, हा प्रश्नही लेखकाच्या लकबीचा म्हणून सोडून देऊ नये. ज्याला कुठलीच गोष्ट ठामपणे सांगण्यासारखी उरलेली नाही, त्याच्या तोंडी हे शब्द काय करतात ते पाहावे. कोणाला ते तिटकारा आणतात, कोणाला त्यांतून एक तरुण माणूस समोर बसलेला दिसतो. दोन्ही मतांना जागा आहे, पण दोघांनीही आपापले पान दाखवले पाहिजे.

सहावी पायरी : एक प्रसंग जवळ धरावा

बोलायला सात-आठ मिनिटेच मिळतात आणि तेवढ्यात सगळी कादंबरी सांगता येत नाही. म्हणून एकच प्रसंग निवडावा आणि तो नीट दाखवावा. कसे, ते व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी'वरून (1955) सांगते, कारण ती लहान आहे, बहुतेक वाचनालयांत मिळते आणि नव्याने बोलणाऱ्यांना मी तीच सुचवते.

कथानक सांगायचे तर थोडक्यात आटोपते. औंध संस्थानातील एक कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर नेमणूक होऊन येतो, शाळेला मुले मिळवता मिळवता तो वाडीच्या सगळ्या कारभारात ओढला जातो, आणि वाडीचा वयोवृद्ध कारभारी त्याला हाताशी धरतो. एवढे पुरे. यापुढे 'ग्रामीण जीवनाचे प्रभावी दर्शन' असे म्हणून बसून जावे, असा मोह होतो. त्याऐवजी शेकूच्या बायकोचा प्रसंग घ्यावा. औताला दुसरा बैल नाही, आणि बैलाच्या जोडीने ती स्वतः खांदा देते. हा प्रसंग वाचून वाचकाला कळवळा येतो, हे कोणीही सांगेल. नव्या वाचकाने आणखी दोन पावले पुढे जावे.

पहिले म्हणजे, हे पाहतो कोण? मास्तर पाहतो, म्हणजे ज्याच्या हातात खडू आहे आणि ज्याच्या खांद्यावर जू कधी आलेले नाही, असा माणूस पाहतो. वाडीतल्यांना जे करणे भाग आहे ते त्याला धक्का देते, आणि आपण मास्तराच्या डोळ्यांनी पाहत असल्याने आपल्यालाही देते. हाच प्रसंग कारभाऱ्याने सांगितला असता तर तो कदाचित एका वाक्यात संपला असता. दुसरे म्हणजे, निवेदकाचा आवाज कुठे चढतो का? माझ्या वाचनात तो चढत नाही. दुःखाची विशेषणे फारशी येत नाहीत, काय दिसले ते येते, आणि म्हणूनच ते दिसत राहते. आता वाचकाने आपले मत सांगावे. त्याला हा संयम आवडला असेल, किंवा 'हा मास्तर पाहतो फार आणि चिडत नाही' असे वाटून तो अस्वस्थ झाला असेल. दुसरे मत एका निवृत्त शिक्षकांनी आमच्याकडे मांडले होते आणि त्यांनी मास्तर गप्प राहिल्याच्या जागा एकेक करून वाचून दाखवल्या. मी त्यांच्याशी सहमत नाही. पण ते ऐकल्यापासून ती कादंबरी मला पूर्वीसारखी वाचता आलेली नाही, आणि मत मांडण्याचा याहून मोठा उपयोग मला माहीत नाही.

प्रसंग वाचून दाखवायचा असेल तर अर्ध्या पानापेक्षा अधिक वाचू नये, आणि घरी एकदा मोठ्याने वाचून पाहिल्याशिवाय तर मुळीच वाचू नये.

सातवी पायरी : गुळगुळीत झालेले शब्द बाजूला काढावेत

मराठीत पुस्तकांविषयी बोलण्याचे काही शब्द इतके वापरले गेले आहेत की त्यांना आता पकड उरलेली नाही. 'ओघवती भाषा', 'मनाचा ठाव घेणारी', 'अंतर्मुख करणारी', 'संग्रही असावी अशी', 'वाचनीय', 'एका बैठकीत संपवली'. हे शब्द खोटे नसतात, पण कोणत्याही कादंबरीला लावता येतात, आणि जे सगळ्यांना लागते ते या कादंबरीविषयी काहीच सांगत नाही. लिहून काढलेल्या मतात असा शब्द सापडला की त्याच्यापुढे 'म्हणजे कसे?' असे लिहावे आणि उत्तर द्यावे. 'अंतर्मुख केले' म्हणजे कसे? 'कादंबरीतील सासऱ्यांनी वाटणीच्या वेळी जे केले, ते आमच्याही घरी झाले होते, आणि मी तेव्हा गप्प बसलो होतो.' असे उत्तर एका गृहस्थांनी दिले तेव्हा खोलीत कोणी हलले नाही. अर्थात घरचे किती सांगायचे हे ज्याचे त्याने ठरवावे, आणि सांगितलेले त्या खोलीबाहेर जाऊ देऊ नये, हे ऐकणाऱ्यांनी पाळावे.

आठवी पायरी : बोलीची कादंबरी असेल तर

उद्धव शेळके यांची 'धग' (1960) हाती घेतलेले पश्चिम महाराष्ट्रातले वाचक पहिल्या वीस-तीस पानांत अडखळतात, कारण तीतील संवाद वऱ्हाडीत आहेत. अशा वेळी दोन गोष्टी कराव्यात. संवाद मनातल्या मनात न वाचता तोंडाने वाचावेत, कारण डोळ्याला अनोळखी वाटणारा शब्द कानाला बहुधा ओळखीचा निघतो. आणि अडलेल्या शब्दांची यादी करून त्या भागातल्या माणसाला विचारावी. आमच्या कट्ट्यावर लग्न होऊन इकडे आलेल्या अमरावतीकडच्या एक ताई आहेत. त्यांनी कादंबरीची नायिका कौतिक हिचे बोलणे वाचून दाखवले तेव्हा, ज्या ओळी आम्ही रुक्ष समजून ओलांडल्या होत्या त्यांत चिडणे आहे, विनवणी आहे आणि नवऱ्याला टोचून बोलणेही आहे, हे आम्हाला कळले. बोलीतील लेखनाला 'अशुद्ध' म्हणण्याची सवय असेल तर ती कट्ट्याच्या दाराबाहेर ठेवून यावे. याबाबतीत मी कधीच तडजोड करत नाही.

नववी पायरी : न आवडलेली आणि अर्धवट सोडलेली कादंबरी

ही मांडायला नवे वाचक घाबरतात, विशेषतः कादंबरी पुरस्कारप्राप्त असेल किंवा कट्ट्यावरच्या ज्येष्ठांची आवडती असेल तर. घाबरण्याचे कारण नाही, पण शब्द नेमके असावेत. 'मला जमली नाही' आणि 'कादंबरी फसली आहे' ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्यासाठी स्वतःविषयी सांगावे लागते: मला लांब वर्णनांचा कंटाळा येतो, मी त्या दिवसांत थकलेलो होतो, या विषयाशी माझा परिचय नव्हता. दुसऱ्यासाठी कादंबरीत पुरावा दाखवावा लागतो: हे पात्र पूर्वार्धात असे वागते आणि कुठलेही कारण न देता उत्तरार्धात तसे वागते, हे पत्र ज्याने लिहिले त्याला ती गोष्ट ठाऊक असणे शक्य नव्हते. पट्टीवरच्या आडव्या रेघा येथे कामी येतात. त्या एकाच प्रकारच्या मजकुरापाशी पुन्हा पुन्हा आल्या असतील, तर नावडीचे कारण हाती लागते.

अर्धवट सोडली असेल तर कितव्या पानावर सोडली ते सांगावे आणि त्यापुढील भागाविषयी बोलू नये. ज्यांना ती आवडली आहे त्यांच्या समजुतीविषयीही बोलू नये. आणि लेखकाची जात, त्याचे राजकारण, त्याचे कोणाशी कधी भांडण झाले होते, याकडे गाडी घसरू लागली की कोणीतरी 'पान कोणते?' असे विचारावे. आमच्याकडे हा प्रश्न विचारण्याचा अधिकार सर्वांना आहे, पहिल्यांदा आलेल्यालाही.

दहावी पायरी : प्रत्यक्ष बोलताना आणि ऐकताना

भाषण लिहून आणू नये. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच शब्द लिहून आणावेत. आरंभ निवडलेल्या प्रसंगापासून करावा, मग पुस्तकाची माहिती आणि थोडे कथानक सांगावे, मग सांगणारा कोण ते, आणि निकाल अगदी शेवटी द्यावा, कारण तो आधी दिला की पुढचे सगळे त्याचे समर्थन होऊन बसते. शेवटी आपल्याला स्वतःला न सुटलेला एक प्रश्न इतरांपुढे ठेवावा.

दुसरा बोलत असताना त्याच कादंबरीविषयीचे आपले मत मनात जुळवत बसू नये. त्याने सांगितलेले पान टिपून घ्यावे आणि घरी जाऊन ते उघडावे.

अकरावी पायरी : वही

बैठकीहून घरी आल्यावर एका वहीत तारीख, कादंबरी, आवृत्ती आणि आपण मांडलेले मत पाच-सात ओळींत लिहून ठेवावे, आणि पट्टी त्याच पानाला चिकटवावी. इतरांच्या बोलण्याने मत बदलले असेल तर तेही लिहावे, पण आधीचे खोडू नये. माझ्या वहीत 'बनगरवाडी' दोनदा आहे. पहिल्या वेळी मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि माझ्या पट्टीवरची सगळी टिंबे मास्तराच्या धडपडीपाशी आहेत: वाडीत तालीम बांधण्याची त्याची उमेद, त्यासाठी माणसे गोळा करणे, न जमणारे जमवणे. कारभाऱ्याच्या नावाशी एकही खूण नाही. दुसऱ्या वेळी, अठरा वर्षांनी, वडील घरी अंथरुणाला खिळलेले असताना मी ती वाचली. त्या पट्टीवर तालमीपाशी एक आडवी रेघ आहे आणि कारभाऱ्यापाशी सात टिंबे आहेत. दोन्ही पट्ट्या मी समोरासमोरच्या पानांवर चिकटवल्या आहेत, आणि नवा वाचक आला की त्याला वही उघडून दाखवते.